मी ऐकलेलं चॉकलेट

मी बोलतोय म्हटलं तर माझ्या जातभाईंना हसू येईल, कारण आम्ही बोलणारे नव्हे, ऐकणारे. मी एक रेकॉर्डर आहे. तळहातावर मावेन एवढा, काळा, डोक्यावर लाल बटण. ते बटण दाबलं की समोरच्याचा घसा कोरडा पडतो, हे मी हजारदा पाहिलंय. पाहिलंय कसलं, ऐकलंय.

जन्म कारखान्यातला. तपासणीच्या टेबलावर एका मुलीनं मला तोंडाजवळ धरून "एक, दोन, तीन, जेवायची सुट्टी कधी होते देव जाणे" असं म्हटलं, परत ऐकलं, पुसलं आणि मला डब्यात घातलं. माझं शिक्षण ते एवढंच.

डबा उघडला तो थेट आपियाला, पॅसिफिक समुद्रातल्या समोआ देशात. चर्चच्या सभागृहामागे एक खोली होती. महिन्यातून दोन शनिवार तिथं इंग्रजी बोलण्याची परीक्षा भरायची. न्यूझीलंडला चांगल्या नोकरीवर जायचं तर ती पास व्हावी लागे. एक टेबल, दोन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि टेबलाच्या मधोमध मी.

माझ्या एका बाजूला डोरीनबाई बसायच्या. त्या परीक्षक. जन्म न्यूझीलंडचा, पण बावीस वर्षं आपियात काढलेली, नियमाला पक्क्या. छापील प्रश्नापलीकडे शब्द बोलायचा नाही, मान डोलवायची नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. दाराशी ओळखपत्रं तपासायला लांगी असायची. वय साठीचं, देह ऐसपैस, कानावर फूल. तिला कुठलाच नियम लागू नव्हता.

"पाय कशाला हलवतोस रे? आत शार्क नाही बसलेला, एक म्हातारी आहे," असं म्हणून ती माणसाला आत ढकलायची. डोरीनबाईंना ते ऐकू जायचं. त्या कागद नीट करायच्या.

माणसांच्या खोडी मी तिथंच शिकलो. वाचनाचा छंद आहे म्हणणारा पुस्तकाचं नाव विचारलं की पाणी मागतो. उत्तर सुचत नसेल तो प्रश्नाचंच कौतुक करतो. आणि जो पाठ करून आलेला असतो तो उतारावर ब्रेक गेलेल्या बससारखा असतो. मधे कुणी हात केला तरी थांबत नाही.

एका वर्षी प्रश्नांच्या कागदावर चॉकलेट आलं. तुम्हाला चॉकलेट आवडतं का? लहानपणी खायचात का? कुणाला भेट दिलंय का? सोपे प्रश्न, तोंड सुटावं म्हणून विचारलेले.

पहिला आला तो गवंडी. त्यानं श्वास घेतला आणि सुरू केलं, "बर्फ पडणाऱ्या संध्याकाळी शेकोटीपाशी बसून माझे आजोबा मला चॉकलेट भरवत असत." समोआत बर्फ असतो तो मासळीबाजारात. डोरीनबाईंनी तरी लिहून घेतलं. दुसरी आली ती शिक्षिका. तिचेही आजोबा शेकोटीपाशी. तिसऱ्याचेही. जेवणवेळेपर्यंत अकरा जण झाले, अकराही जणांना त्याच आजोबांनी भरवलेलं. डोरीनबाईंनी मला बंद केलं. तरी माझा कान पूर्ण बंद होत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"लांगी, या बेटावर असा कोण म्हातारा आहे, ज्याची अकरा नातवंडं एकाच दिवशी परीक्षेला आलीत?"

"बाई, आमच्यात अकरा म्हणजे कमीच हो. पण शेकोटी? इथं उकाड्यानं जीव जातोय. शेकोटी पेटवणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही आधी दवाखान्यात नेऊ."

"मग हे यांना शिकवतंय कोण?"

"याकोपो. मंडईमागे शिकवणी घेतो. टाय लावतो ना, म्हणून लोकांचा विश्वास."

बारावी होती फुआतिनो. सवाई बेटावरच्या इस्पितळात ती एकोणीस वर्षं नर्स होती. पहाटेची बोट धरून आली होती. ही तिची तिसरी खेप. सात गुण लागत, तिला दोन्ही वेळा साडेसहा. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे बाहेरचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं.

"आलीस पुन्हा?" लांगी म्हणाली.

"आले. या वेळी नाही झालं तर संपलं सगळं. ऑकलंडच्या वृद्धाश्रमानं जागा दोनच महिने धरून ठेवलीय."

"जिथं तुझी मावशी आहे, तोच ना?"

"हो, सिएनीमावशी. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मुलगा तिकडे घेऊन गेला, आणि मग तोच वारला. आता म्हातारपणात तिचं इंग्रजी पार पुसलं गेलंय. समोअन सोडून शब्द फुटत नाही, आणि तिथं एकाही नर्सला समोअन येत नाही. काय दुखतंय, काय हवंय, कुणाला काही कळत नाही, लांगी."

"म्हणजे तुला नेणार समोअन बोलायला आणि परीक्षा घेणार इंग्रजीची?"

"तेच तर."

"धन्य आहे. होडी उलटी घालून वर बसतात आणि म्हणतात, वल्हवा!" लांगीनं ओळखपत्र परत दिलं. "जा आत. आणि हे बघ, ते आजोबा काढू नकोस. सकाळपासून अकरा वेळा जेवू घातलंय त्यांनी."

"मग काय सांगू? तेवढंच तर पाठ आहे!"

ती आत आली, बसली. खुर्ची करकरली. लाल बटण दाबलं गेलं. नाव, गाव झालं. मग डोरीनबाईंनी विचारलं, "तुम्हाला चॉकलेट आवडतं का?"

"बर्फ पडणाऱ्या संध्याकाळी," फुआतिनो म्हणाली, "शेकोटीपाशी बसून माझे..."

आणि ती थांबली. पंखा कुरकुरला. मी शांतता रेकॉर्ड करत राहिलो. सात सेकंद, आठ, नऊ. परीक्षेतला एक सेकंद बाहेरच्या एका मिनिटाएवढा असतो.

डोरीनबाईंना मदत करायची मुभा नव्हती. त्यांनी पुढचा छापील प्रश्न वाचला. "लहानपणी तुम्ही चॉकलेट खायचात का?"

"नाही," फुआतिनो म्हणाली. एवढंच. आता तिचा आवाज रडवेला झाला होता.

कागदावर आणखी एक शब्द असे, अडलेल्यासाठी. तो डोरीनबाईंनी विचारला. "का?"

"कारण आम्ही ते पिकवायचो, मॅडम."

मग काय झालं कोण जाणे, बांध फुटला. घरामागे बापाची कोकोची झाडं होती, ती म्हणाली. बिया चटईवर वाळत टाकायच्या आणि कोंबड्या हाकायला हिला बसवायचं. मग पत्र्यावर भाजायच्या, सालं काढायची आणि गरम असतानाच उखळात कुटायच्या. कुटायला सिएनीमावशी. बियांना तेल सुटून त्या चिखलासारख्या होईपर्यंत मावशीचं तोंड चालू, मुसळ चालू. तो लगदा टिनच्या पेल्यात थिजवायचा, रोज थोडा खरवडून उकळत्या पाण्यात टाकायचा, वर साखर. खाली गाळ राहतो त्याला म्हणतात पेनू. तो चावून खायचा, दातांत अडकलेला दुपारपर्यंत पुरतो.

तिची क्रियापदं मागेपुढे धावत होती, काळांची गल्लत होत होती. पण ती कुठंही अडत नव्हती. मी एवढ्या लोकांना ऐकलंय, मला कळतं.

"मी नऊ वर्षांची असताना," ती म्हणाली, "चुलत्यानं न्यूझीलंडहून खरं चॉकलेट पाठवलं. चांदीच्या कागदात. आम्हाला वाटलं, हा तिकडचा कोको. मावशीनं पातेल्यात पाणी उकळलं आणि ती अख्खी वडी आत टाकली. नंतर साखर टाकली. मग घरातल्या सतरा माणसांना वाटून दिलं. कुणी काही बोलेना. पाहुण्याची वस्तू, नावं कशी ठेवायची? शेवटी माझ्या आजोबांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाले, बिचाऱ्या पालांग्यांचा, म्हणजे गोऱ्यांचा, कोको आजारी आहे. देवाजवळ प्रार्थना करू या. आणि आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून त्या कोकोसाठी प्रार्थना केली."

डोरीनबाईंचं पेन टेबलावरून घरंगळलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ टेबलाखालीच राहिल्या. खाली त्यांच्या नाकातून जो आवाज आला तो कुठल्याही नियमात बसणारा नव्हता. माझ्यात तो स्पष्ट आला.

वर येऊन त्यांनी कसंबसं विचारलं, "कधी कुणाला... चॉकलेट भेट दिलंय का?"

"मावशीला कोको पाठवते. तिथं तिला रात्री कपभर गोड चॉकलेट देतात, ती थुंकते. मग कागदावर लिहितात, पेशंट सहकार्य करत नाही. एकदा त्यांनी मला फोन लावून दिला, ती काय ओरडतेय ते सांगा म्हणून. ती विचारत होती, यात पेनू कुठंय? एवढंच विचारत होती ती, मॅडम. सगळे म्हणत होते, तिला राग येतो. तिला राग नव्हता येत."

पुढे आणखी दहा मिनिटं परीक्षा चालली. ती गेली. डोरीनबाई एकट्याच राहिल्या. पेन्सिल चालली. मग त्या पुटपुटल्या, "गोष्ट आवडली म्हणून सात देतेस का, डोरीन? परीक्षक असून हसलीस!" आणि मी खोडरबराचा आवाज ऐकला. खूप वेळ घासलं त्यांनी.

निकाल लागला. साडेसहा.

फुआतिनो कागद घेऊन दाराशी उभी होती. रडत नव्हती, त्यामुळे लांगीला जास्त भीती वाटली असावी. तिनं एकदम आवाज चढवला. "हे बघ, एक अर्ज असतो. दुसऱ्या कानाला ऐकू द्या म्हणायचं. तो भर आधी."

"तिसऱ्यांदा नापास झाले मी, लांगी. इंग्रजी येतच नसेल मला."

"न येणारीला टेबलाखाली कुणी हसत नाही! मी दाराबाहेर होते, मला कान आहेत. भर म्हणते ना!"

अर्ज गेला. मी कुठं गेलो नाही, माझ्यातला आवाज गेला, समुद्रापलीकडच्या कुण्या अनोळखी परीक्षकाकडे. त्याला ना फुआतिनोचा चेहरा माहीत, ना डोरीनबाईंचा नियम. त्यानं नुसतं ऐकलं.

पाच आठवड्यांनी सात गुण आले.

त्या शनिवारी डोरीनबाई लांगीपाशी येऊन थांबल्या. "मला चुकवलं माझ्या हसण्यानं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हसले म्हणजे पक्षपात झाला. मग त्याची शिक्षा मी तिला दिली."

"बाई, हसलात म्हणून तुम्हाला मी माफ केलंय," लांगी म्हणाली. "खोडरबराचं मात्र बघावं लागेल."

फुआतिनो जाण्याआधी किटली भरून कोको घेऊन आली. डोरीनबाईंनी तीन पेले घेतले आणि पेनू चमच्यानं खाल्ला. दुपारच्या पहिल्या उमेदवाराला त्यांच्या दातांवर काळे ठिपके दिसले असणार, कारण त्याच्या आवाजातली भीतीच गेली होती.

पुढे परीक्षा संगणकावर गेली. माझं पोट रिकामं करण्यात आलं, नियमच तसा. आजोबा, शेकोटी, कोको, सगळं पुसलं गेलं. तीन वर्षं मी खणात पडून होतो, शेजारी गंजलेल्या टाचण्या. नंतर लांगीनं मला मागून घेतलं आणि नाताळात घरी आलेल्या फुआतिनोच्या हातात ठेवलं. "मावशी बोलेल ते यात भरून ठेव. तुझी सुट्टी असेल तेव्हा तिकडच्या पोरींना ऐकव."

असा मी ऑकलंडला आलो. फुआतिनोनं माझ्यात मावशीचं एकेक वाक्य भरलं: पाठ दुखतेय. खिडकी लाव. कमरेचं वस्त्र नीट गुंडाळ. हे काय पाणी दिलंय मला? फिलिपिन्सची मारिविक नावाची नर्स ती वाक्यं ऐकून ऐकून घोकते आणि मग मावशीसमोर म्हणून दाखवते. मावशी पलंगावरून निकाल देते. मारिविक आजवर चार वेळा नापास झालीय.

एका दुपारी मावशीनं स्वतःचा आवाज माझ्यातून ऐकला आणि ती उठून बसली.

"ओफेइरा?" ती म्हणाली. "अगं, कुठं होतीस इतके दिवस?"

ओफेइरा म्हणजे तिची बहीण, फुआतिनोची कधीच वारलेली आई; दोघी बहिणींचा आवाज म्हणे एकसारखा. फुआतिनो दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. चूक दाखवायला तिनं तोंड उघडलं. मग भांडं खाली ठेवलं, जवळ आली आणि माझं बटण पुन्हा दाबलं.

तेव्हापासून रोज दुपारी आम्हा दोघी बहिणींच्या गप्पा चालतात. मी खरं तर पुल्लिंगी डबा, पण आता सवय झालीय. परवा तिनं मला विचारलं, "पोरीला जेवायला वाढलंस का?" मारिविकनं बटण दाबलं, आणि मी बोललो, "हे काय पाणी दिलंय मला?" सिएनीमावशी खोखो हसली. "ओफेइरा, तुझ्या जिभेला काही हाड नाही बघ!"

मला कुणाकडे फारसं काही मागायचं नाही. माझं मागचं झाकण निसटतं, त्याला इस्पितळाची चिकटपट्टी लावलीय. ती सुटली तर नवी लावा. आणि सेल वेळेवर बदला, विसरू नका. बोलता बोलता मी मधेच गप्प झालेलं सिएनीमावशीला चालत नाही. ती म्हणते, एकदा अशी वाक्य अर्धं टाकून निघून गेलीस, तेवढं पुरे.