हेमावतीअक्कांचा गूळ

मी गूळ बोलतोय. पिवळाधमक नव्हे, चांगला काळसर. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल.

कलघटगीकडच्या नागोजींच्या गुऱ्हाळात माझा जन्म झाला. काहिलीत रस रटरटत होता, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येत होती आणि नागोजी ती झाऱ्यानं काढून टाकत होते. रंग उजळायला पावडर घाला म्हणून सांगणारे त्यांना पुष्कळ भेटले. पण माणूस हट्टी. म्हणायचे, गुळाला काय मुलगी म्हणून दाखवायला न्यायचंय? मग काय, अमरगोळच्या बाजार यार्डात गिऱ्हाईक माझ्या शेजारच्या पिवळ्या ढेपांपुढं थांबायचं आणि मला बघून पुढं सटकायचं. राग यायचा हो. खोटं कशाला सांगू?

हेमावतीअक्का आल्या आणि माझं नशीब फळफळलं. जुन्या हुबळीतल्या ह्या बाई सत्तरीच्या पुढच्या. डायबेटिस जुना, उत्साह त्याहून जुना. दोन वर्षांमागं त्यांनी साखर सोडली आणि गूळ धरला. काळा गूळच खरा, असं म्हणत त्यांनी नागोजींकडून आम्हां बारा भावांना एकदम उचललं. यंदाच्या संक्रांतीला अकरा ढेपा गल्लीतल्या अकरा घरांत वाटल्या, बारावा मी त्यांच्या डब्यात राहिलो. एकाच काहिलीतले आम्ही, एकाला कळलं की बाराजणांना कळतं.

ढेपेबरोबर अक्का भाषणही देऊन आल्या. गुळात लोह आहे, गुळानं पचन सुधारतं, रक्त शुद्ध होतं, आणि निसर्गाची वस्तू, तिनं कुणाची शुगर वाढत नसते! हे सगळं त्यांना मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं. मी डब्यात बसून ऐकत होतो. माझी छाती अशी फुगली म्हणता. लोह आहे की माझ्यात थोडंफार. पण मी औषध? कुणी मोठेपणा दिला तर कोण नको म्हणतं?

घरात तेव्हा लग्नाची गडबड होती. नात वेदश्रीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तिच्यासाठी अक्का गडद निळ्या इरकली साडीवर कशिदा काढत होत्या. आमच्याकडचा कशिदा म्हणजे आधी पेन्सिलीनं नक्षी काढायची सोय नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. पदरावर गोपूर झालं, तुळशीवृंदावन झालं, आणि हत्तीपाशी येऊन अक्का अडल्या. डोळ्यांत मोतीबिंदू. निळ्या कापडाचे निळे धागे मोजायला दिसेचनात.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, आधी शुगर खाली आणा. महिन्यानं तपासली तर वाढलेली. पुन्हा पंधरा दिवसांनी, आणखी वाढलेली. साखर खाता का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि अक्कांनी दोन्ही वेळा छातीठोकपणे सांगितलं, दोन वर्षांत साखरेचा दाणा तोंडात नाही. बाई खोटं बोलत नव्हत्या. घरी येऊन मात्र साडी मांडीवर घेऊन बसल्या. सुनेला, म्हणजे सविताला म्हणाल्या, अर्ध्या हत्तीची साडी पोरीला कशी नेसवू गं?

पण हार मानतील तर अक्का कसल्या. रोज संध्याकाळी साडी काखेत मारून त्या गल्लीत निघायच्या. जिचे डोळे चांगले तिच्याकडून धागे मोजून घ्यायच्या, दोन टाके घालायच्या, पुढच्या घरी जायच्या. आता आमच्या भागात दारी आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय कोण सोडतं? त्यातून अक्कांनी साखर सोडलेली सगळ्यांना ठाऊक. अक्कांसाठी गूळ चांगला मोठा फोडायचा!

एका संध्याकाळी त्यांचा हात धरून सविता बरोबर गेली. पहिल्या घरी गूळ, दुसऱ्या घरी गूळ, तिसरं घर भाग्यलक्ष्मीचं, तिथं तर लिंबाएवढा खडा आणि वर "स्वल्प तगोरी, अक्का," थोडा घ्याच, म्हणून आणखी आग्रह. चौथ्या घरी सविता वाटीकडं बघतच राहिली.

"आत्याबाई, असा गूळ दिवसातून किती वेळा होतो?"

"गूळ कुठं मोजतात गं," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सविता त्यांना घेऊन डॉक्टरांपुढं जाऊन बसली. डॉक्टर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गुळात साखरेपेक्षा चार खनिजं जास्त असतील, पण ती चिमूटभर, आणि शुगर मात्र तो साखरेसारखीच वाढवतो, असं त्यांनी शांतपणे समजावलं. गोळ्या बदलल्या, चालायला सांगितलं.

अक्कांनी घरी येऊन माझ्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. आत अंधारात मी पार ओशाळलो. जिनं मला मानानं घरी आणलं, तिच्याच डोळ्यांच्या आड मी येऊन बसलो होतो. औषध म्हणवून घ्यायची हौस मला भारी पडली.

पुढचं काम सवितानं केलं. अकरा घरी जाऊन तिनं सांगितलं, आत्याबाईंना गूळ नको. भाग्यलक्ष्मीला आधी रागच आला. दारी आलेल्या बाईला कोरडं कसं पाठवायचं? मग तिनंच तोड काढली आणि गल्लीभर फर्मान सुटलं, अक्कांना "मज्जिगी", म्हणजे ताक. आता अकरा घरांचं ताक! अक्का म्हणायला लागल्या, ह्यापेक्षा मोतीबिंदू बरा.

पण शुगर उतरली. फाल्गुनात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस त्यांनी सुईला हात लावला नाही, आणि हात लावला तो मग सोडला नाही. चैत्र संपता संपता हत्ती सोंडेसकट उभा राहिला. वेदश्री साडी उलटीपालटी करून बघत होती, नक्षी दोन्हीकडून इतकी सारखी की कुठली बाजू सुलट तेच तिला कळेना.

काल संध्याकाळी अक्कांनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना घरी बोलावलं, साडी दाखवली, आणि सरळ येऊन माझा डबा उघडला. सविता तर अर्धी उठली. अक्कांनी माझे बारीक खडे केले आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक ठेवला. स्वतः मात्र पाण्याचा तांब्या उचलला.

"तुम्ही खा की. मला आज नुसतं पाणीच गोड लागतंय."

आणि घटाघटा प्यायल्या. भाग्यलक्ष्मीनं डोळ्याला पदर लावला. मला तर इतका आनंद झाला, काय सांगू तुम्हांला!

आता मी मूठभरच उरलोय. मला तिळात घाला, होळीगेत, म्हणजे पुरणपोळीत घाला, पाहुण्याच्या हातावर ठेवा, गोडच लागेन. पण शुगर असेल तर डॉक्टरांना विचारताना साखरेबरोबर माझंही नाव घ्या. मला कमीपणा नाही त्यात.

उद्या वेदश्रीचं लग्न. अंतरपाट दूर झाला की वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, त्यातला गूळ मीच. अक्कांनी तो आत्ताच मोजून, एकही खडा तोंडात न टाकता, विड्याच्या पानात बांधून ठेवलाय. नव्या डोळ्यानं त्या उद्या मला तिथं बघतील.

बरंय मग. येतो मी.