शब्द सुरू असताना

काच बसवलेली भिंतीतली चौकट.

तिकीट देणाऱ्या बाईच्या पुढ्यातली फट, जिच्यातून जेमतेम मनगट आत जातं.

एका पायात चप्पल; दुसरी कुठे पडली कोण जाणे.

पाकिटावरची पारदर्शक पट्टी, आतला पत्ता दाखवणारी.

संगणकावरचा चौकोन. फुली दाबली की नाहीसा.

"नेमकं कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. "गुठळी विरघळवायचं औषध आहे, पण त्याची विंडो काही तासांचीच. नंतर दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत?"

बायको स्वतःच्या अनवाणी पावलाकडे बघत राहिली. विंडो. शब्दकोशासाठी गेला आठवडाभर नवरा याच शब्दावर बसला होता. वरचे, चपलेखेरीज, सगळे अर्थ त्यानेच लावलेले.

त्याचा शब्द सुरू असला की घरात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. ताट दाराशी स्टुलावर ठेवायचं, रिकामं झालं की उचलायचं. नियम त्याचा. पुढे तिच्याही अंगवळणी पडला, आणि मग सोयीचाही झाला.

"सकाळचं ताट?" नणंदेने विचारलं.

"रिकामं होतं."

"मग सकाळी बरा होता."

"दुपारचं तसंच होतं, ताई. म्हटलं, अडला असेल कुठेतरी. दिवे लावायला गेले तर जमिनीवर..."

"आम्ही चिडवायचो त्याला. मुलगी बघायला गेलास तर आधी तिच्या नावाची व्युत्पत्ती विचारशील." नणंद हसायला गेली आणि तिने पदर तोंडावर घेतला. "वहिनी, आठव ना गं. मधे कधीतरी दिसला असेल. पाणी प्यायला? संडासला?"

बायकोने नकारार्थी मान हलवली.

"मग मला सकाळपासूनच धरावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"धरा," बायको म्हणाली.

"म्हणजे औषध नाही देता येणार."

पेनाला टोपण लागलं. बायकोने खाटेवरच्या नवऱ्याचा उजवा हात उचलून त्याची बोटं आपल्या बोटांवर मिटवली. सोडली तशी ती उलगडली. तिने पुन्हा मिटवली.

त्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी, तो खोलीबाहेर आला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, अगदी स्पष्ट आवाजात, त्याने तिला 'विंडो'चं मूळ सांगितलं होतं: वाऱ्याचा डोळा. ती भांडी घासत होती. मागे वळून न बघता ती "बरं" म्हणाली होती.