बांधावरची तेलवाटी

दोन हजार एकोणीस साल होतं. चैत्र लागला होता, तुरी निघून रानं मोकळी पडली होती, आणि माझ्या दिरानं, रामकिशननं, निलम्माच्या शेताचा बांध ट्रॅक्टरनं मोडून टाकला. आमचं गाव औरादजवळचं, निलम्माचं रान आमच्या रानाला लागून. बांध गेला तशी तिची विहीर आमच्या हद्दीत आली. तिचा नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. विहीर गेल्यावर उरलेल्या रानात तिनं काय पिकवायचं, कुसळं?

मोजणीचा अर्ज तिनं केला होता, पण तारीख पुढं पुढं जात होती. शेवटी तीच म्हणाली, तेलवाटी होऊ द्या.

तेलवाटी हा आमच्या गावचा जुना रिवाज. जो शीव सांगतो त्यानं उपाशीपोटी, ओलेत्यानं, काठोकाठ तेल भरलेली वाटी तळहातावर घेऊन त्या शिवेवरून चालायचं. थेंब सांडला की हक्क सोडायचा. न सांडता वाटी जिथून जाईल ती शीव. मी लग्न होऊन आले त्या साली एक तेलवाटी पाहिली होती. त्या माणसानं चार पावलं टाकली, वाटी खाली ठेवली आणि समोरच्याला म्हणाला, "घे बाबा, तुझंच हाय." मग दोघांनी आमच्याच ओसरीवर एका ताटात भाकरी खाल्ली. त्या काळी माणसाला आतून काहीतरी हलवायचं.

आता चालायचं होतं रामकिशनला, आणि निलम्माचा भरवसाही त्यावरच होता. "अक्का, रामकिशनअण्णा खोटं बोललं की त्यांचं हात कापतेत. साऱ्या गावाला ठाव हाय."

ते खरंच होतं. औरादच्या अडतीवर ओली तूर वाळलेली म्हणून सांगतानाही रामकिशन हात पाठीमागं लपवायचा.

हात माझेही कापतात, पण ते वयानं. त्यावर उदगीरच्या डॉक्टरांनी मला एक गोळी दिली होती. त्या दिवशी रामकिशनच मला घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, "आजी, माणूस घाबरला की शरीर छातीला आणि हातांना निरोप धाडतं, धडधडा, थरथरा. ही गोळी तो निरोप पोचू देत नाही. परीक्षेला भिणारी, स्टेजवर भिणारी माणसंसुद्धा घेतात."

मोबाईलमधून रामकिशननं मान वर केली. "म्हंजे भ्यालेलं कुणाला दिसत न्हाई?"

"फारसं दिसत नाही. पण साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यानं ही मनानं घेऊ नये. साखर उतरली की हात कापतात, छाती धडधडते, त्यावरून त्याला कळतं. ही गोळी ती खूणच पुसून टाकते."

तोवर त्याची मान परत खाली गेली होती. साखर त्यालाच होती. हात कापू लागले की तो खिशातला गूळ तोंडात टाकायचा.

तेलवाटीच्या सकाळी माझ्या उशाखालचं गोळ्यांचं पाकीट गेलं होतं. रामकिशन ओलेत्यानं अंगणात उभा होता.

"माझ्या गोळ्या तू घेतलास?"

"कामून विचारायलाव वैनी? मला काय करायच्या म्हाताऱ्या बाईच्या गोळ्या?" त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं पसरले. एवढं खोटं बोलूनही ते हलले नाहीत. थंड, पांढुरके, मेलेल्या मासोळ्यांसारखे नुसते समोर पडलेले. मला शिसारी आली.

"साखरेची घेतलास का?"

"ती रोजच घेतो की."

"मग काहीतरी खा. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"उपाशी ऱ्हायचा नेम हाय. देवाच्या कामात मधी येऊ नगा."

मी तडक रानात गेले. पंच म्हणून महादेवप्पा चिंचेखाली बसला होता. मी सगळ्यांदेखत सांगितलं की यानं हात न कापायची गोळी घेतलीय, आज हे थांबवा.

"गीताक्का, गोळीनं देव फसतो व्हय?" महादेवप्पा म्हणाला. "मग मोजणी बी दवाखान्यातच करावी की." लोक हसले. निलम्माही हसली.

रामकिशननं सांगितलेली शीव चिंचेपासून ओढ्याकाठच्या बाभळीपर्यंत सरळ जात होती, विहीर आमच्यात घेऊन. जुना बांध मात्र विहिरीच्या अलीकडून वळायचा. आता तिथं नुसती नांगरट होती.

तो निघाला. वाटीतलं तेल थिजल्यासारखं स्थिर. निलम्माचं हसू गेलं, पदराचं टोक तिनं दातात धरलं. रामकिशननं एकदा मागं वळून तिच्याकडं पाहिलं आणि जिभेनं ओठ चाटले. ते पाहून मी मान फिरवली.

परत पाहिलं तेव्हा त्याच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. ऊन अजून कोवळं होतं. त्याची नजर कुठंच ठरत नव्हती. विहिरीपाशी आला आणि सरळ जायचं सोडून डावीकडं वळला.

"अण्णा, तिकडं कुठं जायलाव?" कुणीतरी म्हणालं.

"बोलू नगा कुणी," महादेवप्पा म्हणाला.

मी त्याच्या बरोबरीनं चालू लागले. तो पुटपुटत होता, "बा, भाकर आणली." लहानपणी बापाची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, भाकरी घेऊन तो ज्या बांधावरून जायचा, त्याच मोडलेल्या बांधावरून त्याचे पाय चालले होते. डोकं विझलं होतं, पायांना वाट ठाऊक होती. ओढ्यापाशी पोचून तो मटकन बसला. वाटी तळहातावर तशीच, काठोकाठ.

लोकांनी देवाचा जयजयकार केला. मी त्याचा चिंचेखाली काढून ठेवलेला सदरा मागवला आणि खिशातला गूळ पाण्यात कालवून त्याला घोट घोट पाजला. गुळाची लाळ माझ्या मनगटापर्यंत ओघळली. जरा वेळानं डोळे उघडून तो पहिलं बोलला ते हे, "सांडलं न्हाई न्हवं?"

महादेवप्पानं वाटीच्या वाटेवर दगड रोवायला सांगितले. मी परत गोळीचं काढलं, तर निलम्मानंच माझा हात दाबला. "अक्का, आता ते कामून काढायलाव?" तिचं तिला मिळालं होतं, तेही खरंच. पण मला आंघोळ करावीशी वाटली.

निलम्मा त्या विहिरीवर मेथी-कोथिंबीर करते, औरादच्या बाजारात विकते. महादेवप्पा दोन वर्षांनी वारला. मरेपर्यंत देवानं वाट फिरवल्याची गोष्ट येईल त्याला सांगत होता. रामकिशन देवळाच्या कमिटीवर आहे. "देवानं माझ्याकडूनच न्याय करवला," असं तो कपाळाला भंडारा लावून सांगतो, आणि सांगताना हात पाठीमागं धरतो. मी लेकीकडं उदगीरला राहते. गोळी चालूच आहे. सकाळी ती जिभेवर ठेवली की माझे हात शांत होतात, आणि त्यांच्याकडं मला बघवत नाही.