नामदेवमामांचं ‘हौ’

नामदेवमामांच्या ‘हौ’वर, त्या हैदराबादी होकारावर, विसंबू नकोस, असं शेजारच्या कुसुमताईंनी तारामतीला बजावलं होतं. त्यांना ऐकू येईनासं झालंय, बोलायचं तर समोर उभी राहून बोल. तारामतीने ते हसण्यावारी नेलं. गौलीगुड्यातल्या दुकानात उभी हयात ग्रामोफोनच्या तबकड्या विकलेला माणूस, आणि बहिरा? कुसुमताईंना कुणाचं ना कुणाचं काहीतरी दिसतच असतं.

मामा तिच्या आईचे धाकटे भाऊ. बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तारामतीच्या नवऱ्याची, एकनाथरावांची बदली औरंगाबादला झाली. मामांना एकटं कसं मागे ठेवायचं, म्हणून बाळाला कडेवर घेऊन ती दुकानात गेली. मामा पाठमोरे, फडक्याने तबकड्या पुसत होते. बाळाला कणकण होती. त्याच्या कपाळावर हात ठेवूनच तिने सांगितलं, दुकान आवरा, आमच्याबरोबर चला, हे तिकीट काढतायत. बाळ कुरकुरलं तसे मामा वळले, आणि तिचे ओठ हलताना पाहून म्हणाले, “हौ, हौ.” झालं, ती निश्चिंत. बाळ नुसतं शिंकलं तरी दचकणारी ती, पण मामांच्या तोंडाकडे तिने एकदाही नीट पाहिलं नाही.

निघायच्या सकाळी एकनाथराव सामान घेऊन काचीगुडा स्टेशनवर पुढे गेले, ती टांगा करून मामांना घ्यायला आली. दुकान आवरलेलं तर नव्हतंच, उलट छतापर्यंत भरलं होतं. शहर सोडणाऱ्या मराठी बिऱ्हाडांनी आपापल्या तबकड्या मामांच्या गळ्यात मारल्या होत्या. मधोमध ग्रामोफोन चालू होता. सुई एका चरीत अडकून तोच अर्धा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. शेजारी मामा डोळे मिटून मान डोलवत बसले होते.

तिने सुई उचलली. मामांची मान डोलतच राहिली.

खांदा हलवून, समोर बसून तिने सगळं पुन्हा सांगितलं.

“आज निघायचंय मामा. तुम्ही हौ म्हणाला होतात.”

मामा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग ओशाळून म्हणाले, “मला वाटलं, बाळाचं दुखणं सांगतेस.” त्यांनी भिंतीकडे हात केला. “आता कसा येऊ? लोकांनी सांभाळायला दिलंय. परत येतील तेव्हा मागतील की.”

त्यातलं कुणीच परत येणार नव्हतं. जाताना तसं सांगूनही गेले असतील, आणि मामा ‘हौ’ म्हणाले असतील. बाहेर टांगेवाला हाका मारत होता. मामांच्या तोंडावर सांगायचं तिला धाडस झालं नाही. रडणाऱ्या बाळाकडे बघत ती पुटपुटली, “सांभाळायला नाही, टाकून गेलेत, मामा.”

“हौ,” मामा म्हणाले.

तारामती औरंगाबादला पोचली, मामांचं तिकीट वाया गेलं. तिच्या पत्रांना उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी अजून हैदराबादेत असाल तर तिचं एवढंच मागणं आहे. गौलीगुड्यात त्या दुकानात जरा डोकवा. समोर उभं राहून विचारा, मामा, जेवलात का. आणि नुसतं ‘हौ’ म्हणाले, तर पुन्हा विचारा.