कोरे पाच मिलिमीटर

त्या दोन उभ्या रेघा... काळ्या, सरळ, सारख्या उंचीच्या — स्कॅनरचा लाल उजेड त्यांच्यावरून सरकत बारकोडवर गेला आणि मशीन मुकंच राहिलं. शिवकन्येनं कागद पुन्हा धरला. पुन्हा मुकं. मेल्या, बोल की काहीतरी!

सकाळीच पोस्टातल्या पंडितनं नमुन्याच्या दहा नोटिसा परत आणल्या होत्या. "ताई, दहातल्या सात उचलंना मशीन. संध्याकाळपर्यंत नीट करा, न्हाईतर आमाला घेता येत न्हाईत." दूध संघाच्या तीन हजार सभासदांना सभेची नोटीस, तीही रजिस्टर पोस्टानं. संघवाले काम पुण्याला द्यायला निघाले होते, तेव्हा हिनंच छाती ठोकून सांगितलं होतं — पुण्याला कशाला, पाटोद्यात होतंय की! आठ दिवस बसून तिनं कॉम्प्युटरवर साचा उभा केला: नाव-पत्ता यादीतून उचलायचा, आणि बारकोडचा नंबर प्रत्येक नोटिशीला आपोआप वेगळा. कुणी शिकवलं नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या रेवणप्पांची पोर, पण केलंच ना मी... आणि आता तोंडावर पडायची वेळ.

तिनं बारकोडची उंची वाढवली, रेघांची जाडी बदलली. काही नाही. मग नजर पुन्हा त्या दोन रेघांवर गेली. बारकोडला अगदी खेटून छापलेलं '॥ श्री ॥'. श्रीच्या पुढच्या त्या दोन रेघा मशीन बारकोडमध्येच धरत होतं.

अप्पांचा श्री. चाळीस वर्षांत या छापखान्यातून एक कागद श्रीशिवाय बाहेर गेला नव्हता, मग ती लग्नपत्रिका असो की बैलबाजाराची जाहिरात. परवा नमुना बघून त्यांनीच बोट ठेवलं होतं, "हितं टाक." बाकी कागद संघाच्या मजकुरानं गच्च भरलेला. उरली सहीखालची जागा — पण श्रीचा मान वरचा, तो तळाला टाकला तर अप्पा दोन दिवस जेवायचे नाहीत.

तिनं श्री पुसला. कागद काढला, उजेड धरला...

टुंक!

नव्यानं काढलेल्या दहाच्या दहा. टुंक, टुंक, टुंक. उठून नाचावं असं झालं तिला. जमलं! पाटोद्यात बसून जमलं!

"काय वाजलं गं?" दारात अप्पा.

"अप्पा, श्री काढला मी."

"कावून?"

"बारकोडच्या दोन्ही अंगांना कोरं लागतंय. पाच मिलिमीटर. त्यात काई म्हंजे काई नको. नाहीतर कुठून सुरू झालं ते मशीनला कळत न्हाई."

अप्पांनी कागद हातात घेतला. आणि तिला एकदम स्टुलावर बसलेली सात वर्षांची पोर दिसली... समोर छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे खण, तळहातावर शिशाचा एक गुळगुळीत तुकडा. अप्पा, याच्यावर काहीच न्हाई. — म्हणून तर लावायचा, बाळा. ह्यो न्हाई लावला तर शब्दाला शब्द चिकटतेत.

त्यांनी खणातून जुनी पितळी पट्टी काढली, चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. बारकोडच्या डावीकडे पट्टी ठेवली. मग उजवीकडे. बराच वेळ.

"हिकडं साडेचारच हाय," ते म्हणाले. "पाच कर."

पट्टी तिच्या पुढ्यात ठेवून ते बाहेर गेले. श्रीबद्दल ना हो म्हणाले, ना नाही.

तिनं पाच केलं आणि छपाई सोडली. तीन हजारांतला पहिला कागद ऊन ऊन हातात आला. पहिला कागद कपाळाला लावायचा, श्रीची बाजू पुढे करून, ही या घरची रीत. छाती अभिमानानं भरून आली होती, डोळेही. तिनं कागद उचलला... आणि कुठली बाजू पुढे करायची ते तिला समजेना. बारकोडशेजारच्या त्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि मागे मशीन एकेक नोटीस बाहेर टाकत होतं.