तळाच्या थरातला तारा

अशी कल्पना करा, की तुम्ही एका उंच स्टुलावर बसला आहात. पाय जमिनीला टेकत नाहीत. दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला लावलेत आणि उजव्या हाताखाली एक चकती आहे. ती हळूच फिरवली, की काचेवरच्या मसाल्यात तुम्ही खाली खाली उतरता, विहिरीत उतरावं तसं.

भिंगरी अशीच बसली होती. जेवणाची सुट्टी होती. प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत ती आणि मागे उभी असलेली तिची आई, एवढ्याच दोघी.

हा मसाला फोटोच्या फिल्मवरचाच, फक्त पुष्कळ जाड. मोठ्या यंत्रातून भन्नाट वेगानं आलेला अणूचा गाभा त्यात शिरतो, दुसऱ्या गाभ्यावर आदळतो आणि ठिकऱ्या उडतात. काच धुतली, की प्रत्येक ठिकरीची वाट काळी रेघ होऊन दिसते. एका ठिपक्यातून फुटलेल्या अशा रेघांना तिथली माणसं तारा म्हणत. आईचं काम तारे शोधायचं.

प्रत्येक काच तिथं काम करणाऱ्या दोघीजणी बघत. पण स्वतंत्रपणे, एकमेकींना अवाक्षर न सांगता. असं का, ते आईनंच भिंगरीला समजावलं होतं. दोन मांजरींनी आपापले उंदीर शोधले, की दोघींना सापडलेले किती आणि एकीलाच सापडलेले किती, ते ताडून बघायचं. त्यावरून दोघींच्याही हातून निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो. एकीनं दुसरीला बीळ दाखवलं, की अंदाज चुकला आणि उंदरांची चंगळ.

दुसरी मांजर म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या बाई. नजर तीक्ष्ण म्हणून त्यांना सगळे घार म्हणत. गेल्या खेपेला आईचे तारे फारच कमी भरले, तेव्हा घारीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, तुझ्याकडे आभाळ भरून आलंय का गं? आईही हसली होती. साहेब मात्र हसले नव्हते. पुन्हा असं झालं तर मायक्रोस्कोप सोडून काचा धुवायला जावं लागेल, असं त्यांनी बजावलं होतं. आजची काच ते सुट्टीनंतर ताडून बघणार होते.

"दिसतंय काही?" आईनं विचारलं.

भिंगरीला दिसलं होतं. अगदी तळाशी, कोळ्यानं पाय पसरावेत तसा, बारीक रेघांचा.

"तू बघितलं नाहीस इथं?"

"बघितलं की. तू फक्त कुठं ते सांग, बाकीचं मी बघते."

आईनं पेन्सिल उचलली होती. तिचा आवाज भलताच गोड झाला होता. घरी काही फोडलं, की भिंगरीचा होई तसा.

भिंगरीनं चकती फिरवली. तारा पुसट झाला, विरून गेला. ती स्टुलावरून उतरली.

"आता तू शोध."

आई बसली. चकती खाली गेली, अडली, वर आली, पुन्हा खाली गेली. आईनं डोळे चोळले, भिंग पुसलं, परत डोळे लावले.

"नुसतं धुकं आहे गं," ती म्हणाली. मग मान न उचलताच, अगदी हळू, "उजवीकडे आहे का तो?"

उत्तर भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं, आईच्या बोटांतली पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, आणि रस्ता ओलांडताना धरतात तसा तिचा हात धरून साहेबांच्या खोलीकडे चालायला लागली.