बोलणारी कांदाचाळ

"हलली! आरं हलली! डोळ्यादेखत हलली की!"

केंदूरच्या शिवारात, गेणबाच्या वस्तीवर, भर वैशाखात अख्खा गाव लोटला होता. ऊन असं की कावळ्यानं चोच उघडावी आणि मिटायला विसरावं. पण उन्हाची पर्वा कुणाला? बाया डोक्यावर पदर ओढून उभ्या, बाप्ये बैलगाडीच्या जुवावर चढलेले, आणि सगळ्यांचे डोळे गेणबाच्या कांद्याच्या चाळीवर. आता कांद्याची चाळ ही काय बघायची गोष्ट? लाकडी खांबांवर उभी लांबोडकी खोली, भिंतींच्या जागी बांबूच्या कामट्या, वर पत्रा, आत दोन्ही अंगांना कांदा आणि मधे माणूस जाईल एवढी वाट. पण ही चाळ बोलत होती. प्रश्न विचारला आणि हलली तर होय. गप्प राहिली तर नाही. ज्यांच्या घरातली माणसं एकमेकांशी धड बोलत नव्हती, तीसुद्धा चाळीचं बोलणं ऐकायला कान टवकारून उभी होती.

विचारणारा होता हौशीराम देवऋषी. कपाळावर बोटभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, मनगटाला मात्र सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. चाळीच्या कोपऱ्यातल्या खांबाला त्यानं डावा हात टेकवला होता. हात कसला, नुसती बोटं. शेजारी त्याचा चेला म्हस्कू हलगी बडवत होता.

"बोल खांबा, बोल! बिरदेवाची आण हाय तुला! बाप्या हायस का तू?"

चाळ गप्प.

"मग बाई हायस?"

हलगीचा ठेका संथ झाला. ढम्म... ढम्म... आणि चाळ कुरकुरली. आधी मुंगीएवढी, मग हातभर. पत्रा खडखडला, कामट्यांमधून दोन-चार कांदे टपाटपा खाली पडले. बायांनी तोंडावर हात घेतला.

"कुठली गं तू? हितलीच?"

गप्प.

"भीमेपल्याडची?"

चाळ पुन्हा डुलली. "भांडगावची!" गर्दीतूनच कुणीतरी ओरडलं. देवऋष्याचं निम्मं काम गर्दीच करते, तो आपला पुढचा धागा उचलतो.

भांडगावची त्या वस्तीवर एकच होती. गेणबाची सून, सुषमा. ती या वेळी चाळीच्या आत, मधल्या खांबाला दोराने बांधलेली होती. दोन्ही तळव्यांना चिंध्या गुंडाळलेल्या. आणि दोराचं दुसरं टोक हातात धरून दारात बसली होती तिची सासू, म्हाळसा.

म्हाळसा काही खाष्ट बाई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा मेंढरांमागं रानोमाळ हिंडली, लेकरू पाठीला बांधून कोकणात उतरली, पुढं जमीन झाली तशी इथं थांबली. पोटच्या पोराइतकाच सुनेला जीव लावायचा, असं ती चारचौघींत सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण माघात लग्न झालं, चैत्रात नव्या चाळीत कांदा भरला, आणि पंधरवड्यात चाळ एका अंगाला कलली. गेणबानं तिला रेटा देऊन टेकू लावला, तर ती दुसऱ्या अंगाला कलली. वारा सुटला की आत कुणी कण्हल्यासारखा आवाज यायचा. विहिरीवर एक बाई सहज बोलून गेली, "सून आली आन् चाळ कलली." बास. बोलणारी बाई घागर उचलून निघून गेली, बोल मात्र वस्तीवर मुक्कामाला राहिला.

मग हौशीराम आला. पहिल्या खेपेला त्यानं चुलीत विळा तापवला. "हिच्या हातातनं ती बाई घरात शिरलीया. हाताचं दार बंद केलं पायजे." सुषमाची मनगटं म्हाळसानंच धरली होती. "सोस गं बाई घटकाभर, घराच्या भल्यासाठी हाय." पोरगी किंचाळली तेव्हा तिचा नवरा शंभू अंगणात पाठ करून उभा राहिला. त्या रात्रीपासून म्हाळसाच्या नाकातून तो भाजल्या तळव्यांचा वास जात नव्हता. पण ती स्वतःला समजावत होती, की देवाचं काम असं कडकच असतं.

एवढं करूनही चाळ कललीच. हौशीराम कशाला हार मानतो! म्हणाला, "दार बंद केलं, पर ती आतच अडाकली. आता तिला खांबात उतरवायची. पोरीला मधल्या खांबाला बांधा, दार लावा, म्या भायेरनं चाळ जागवतो. आतनं कितीबी वराडली तरी दार उघडायचं न्हाई."

"दार लाव म्हाळसाबाई," तो आता म्हणाला. "लई येळ झाला."

म्हाळसा उठली. आतून सुषमानं तिच्याकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "आत्याबाई, चाळ पडंल वो माझ्या अंगावर."

"थांबा काकू!"

आवाज नीलमचा होता. नीलम गावचीच लेक, शिरूरला हायस्कुलात विज्ञान शिकवायची, सुट्टीला माहेरी आली होती. बराच वेळ ती गर्दीत उभी होती. बाकी सगळे चाळीकडं बघत होते, ती हौशीरामच्या खांद्याकडं बघत होती.

"महाराज, मला एक शंका आहे. तुम्ही हात काढा आणि मग विचारा चाळीला."

हौशीराम हसला. "बाई, शाळा न्हवं ही. हात म्हंजी तार हाय. तार काढली तर लाइट लागंल का?"

"बरं. मग माझा हात लावते. दुसरी तार."

"बाईमाणसाच्या हाताला न्हाई बोलत ती!"

"आत्ताच तर म्हणालात, आतली बाईच आहे. बाई बाईशी बोलणार नाही? आमच्या गावात तर उलटं आहे."

गर्दीत खसखस पिकली. हौशीराम काही बोलायच्या आत नीलम म्हाळसाकडं वळली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "काकू, आधी तिला बाहेर काढा. भूत असो नसो, ही चाळ माणूस आत ठेवण्यासारखी नाही. तुमच्या पाया पडते."

म्हाळसानं गेणबाकडं पाहिलं. गेणबा जमिनीकडं बघत होता. शंभूही. मग तिनं स्वतःच आत जाऊन गाठ सोडली. गाठ सोडताना सुषमाच्या हाताला धक्का लागला आणि ती कळवळली. म्हाळसाला एकदम आपल्या हातांची शिसारी आली.

सुषमा बाहेर आल्यावर नीलमनं कोपऱ्यातल्या त्याच खांबाला तळवा टेकवला आणि मोठ्यानं पाढा म्हणायला लागली.

"बे एके बे... बे दुणे चार..."

प्रत्येक ओळीला एक हलका दाब. जोर नाही काही नाही. बे त्रिक सहाला पत्रा खडखडला. बे पंचे दहाला चाळ डुलायला लागली. बे दाही वीस होईतो अशी झुलली, की पुढचे लोक ओरडत मागं पळाले आणि कांद्यांचा सडा पडला. मधला खांब, ज्याला घटकाभरापूर्वी पोरगी बांधलेली होती, मुळासकट उचकटून तिरका झाला. वरचा एक वासा सुटून बरोबर त्याच जागी आपटला.

म्हाळसा तो वासा बघत राहिली.

"आता सांगा," नीलम धापा टाकत म्हणाली, "हे कुणाचं भूत? बेच्या पाढ्याचं? अहो, पाळणा हलवता ना तुम्ही? पाळणा निघाला की त्याच्याच चालीनं नुसतं बोट लावायचं, झोका वाढत जातो. हे महाराज तेच करतात. ठेका म्हस्कू धरतो, दाब हे देतात. उत्तर 'नाही' पाहिजे असलं की हात नुसता टेकवून ठेवायचा. झालं!"

"खोटं हाय!" हौशीराम गरजला. "देवाची चेष्टा करती ही! हिचं तोंड वाकडं हुईल!"

"होईल तेव्हा बघू. शंभूदादा, तो लांब वासा आण. आणि तार."

शंभू हलेना. शेवटी गेणबाच उठला. बायकोनं गाठ सोडल्यापासून त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, पण वासा त्यानं आणला. चाळ दोरांनी दोन्ही बाजूंनी ताणून सरळ केली. मग नीलमनं सांगितलं तसा त्यानं एका खांबाच्या बुडापासून शेजारच्या खांबाच्या डोक्यापर्यंत वासा तिरपा टाकून तारेनं आवळला. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक.

"घ्या महाराज. आता बोलवा तिला."

हौशीरामनं बोटं टेकवली. म्हस्कूनं हलगी धरली. ढम्म... ढम्म... चाळ गप्प. हौशीरामनं तळवा लावला, मग खांदा लावला, मग दोन्ही पाय रोवून बैलासारखा रेटा दिला. कपाळावरचा भंडारा घामानं नाकावर ओघळला. एक कांदा पडला नाही.

"काय वो महाराज," मागून एकजण ओरडला, "तार तुटली का काय?"

गर्दी हसली. मघा याच गर्दीनं भांडगावचं नाव घेतलं होतं, हे विसरून हसली. हसायला गाव नेहमी तयार असतो, लाजायला नसतो. हौशीरामनं नारळ गोळा केले, पिशवी उचलली, "कोप हुईल, कोप!" म्हणत तो पांदीनं चालता झाला आणि म्हस्कू हलगी काखेत मारून त्याच्या मागं पळाला.

पण एक म्हातारा उठलाच. "ते समदं खरं पोरी. पर चाळ सून आल्यावरच का कलली? त्याच्या आदी का न्हाई?"

म्हाताऱ्याचा प्रश्न काही वावगा नव्हता. नीलम उचकटलेल्या खांबापाशी बसली आणि गेणबाकडं वळली. "आबा, खांब किती खोल गाडले होते?"

"वीतभर," गेणबा म्हणाला. "मेंढरांच्या वाड्याच्या मेखा ठोकतो तशे. कायम तेवढंच ठोकत आलोय."

"मेखा सकाळी उपटायच्या असतात आबा. खांब उपटायचे नसतात. त्यात ही काळी माती, पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की भेगाळते. आणि तिरप्या पट्ट्या का नाही मारल्या? सुतारानं सांगितलं नाही?"

"सांगितलं की. कापूनबी ठिवल्या व्हत्या." गेणबा थांबला. "मग त्या... गेल्या कुठं गं?"

म्हाळसाला आठवलं. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड जास्त आलं होतं. चुलाणावर भाताचं पातेलं अर्धकच्चं आणि सरपण संपलेलं. तिनंच चाळीच्या पट्ट्या ओढून आणल्या आणि चुलाणात सारल्या. भांडगावची माणसं त्याच जाळावरचा भात जेवून उठली होती.

"म्या जाळल्या," ती म्हणाली. "पाव्हण्यांसाठी. माझ्याच हातानं."

म्हणजे सून आल्यावरच चाळ कलली, हे खरंच होतं. फक्त कलवणारी ती नव्हती. म्हाळसा मटकन खाली बसली आणि सगळ्या गावासमोर कपाळ बडवून रडली.

नीलमनं त्याच दुपारी सुषमाला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. तिथून तिचा बाप तिला भांडगावला घेऊन गेला.

चाळीचं काम मात्र झकास झालं. कमरेइतके खड्डे, त्यात दगड आणि सिमेंट, प्रत्येक बाजूला फुलीसारख्या तिरप्या पट्ट्या, पाणी लांब जायला चर. पहिल्या वादळात शेजारच्या वस्तीवरचा पत्रा उडाला, ही चाळ जागची हलली नाही. तेव्हा म्हाळसा आणि गेणबा शिक्रापूर, न्हावरा, चौफुला अशा गाड्या बदलत भांडगावला गेले.

सुषमा ओसरीवर बसली होती. समोर परातीत पीठ. भाकरी थापायला बघत होती, पण तळव्यांची कातडी ओढून आली होती आणि बोटं आत वळली होती. मनगटाच्या टोकानं ती पीठ दाबत होती. भाकरी मोडत होती. ती पुन्हा गोळा करत होती.

म्हाळसा परातीपुढं बसली. कसंबसं म्हणाली, "पोरी, चुकलं माझं. चाळ आता गच्च हाय. हत्ती बांधला तरी हलायची न्हाई. समद्या गावाला कळलंय, तुझ्यात काय न्हाई म्हणून. चल घरी."

सुषमानं पीठ सोडलं नाही.

"आत्याबाई, चाळ हलत व्हती तवा मी हडळ. चाळ थांबली तवा मी सून. उद्या म्हस आटली तर मी कोण? हिरीचं पाणी गेलं तर?"

गेणबानं टोपी काढून हातात घेतली.

"मला न्हाई यायचं," सुषमा म्हणाली. "तुमची चाळ सुखात राहू द्या."

दोघं आले तसे परत गेले. शंभूही नंतर दोनदा जाऊन आला आणि दोन्ही वेळा एकटाच परतला.

पुढच्याच वर्षी वस्तीवर एकाचा बैल मेला, आणि कुणीतरी एका बाळंतिणीचं नाव घेतलं. पुन्हा गर्दी जमली, पुन्हा हौशीरामला निरोप गेला. तेव्हा म्हाळसा काठी टेकत गर्दीत घुसली. ती काही शिकलेली नव्हती. भुताखेतांवर नीलमसारखं बोलणं तिला जमणारं नव्हतं. पण तिनं सगळ्यांना मागं रेटलं आणि बाळंतिणीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"कुणामुळं, कुणामुळं करता, कशामुळं ते इचारलं का कुणी?" ती ओरडली. "जनावरांच्या डाक्टरला बोलवा. वैरण बघा, पाणी बघा, गोठा बघा. आन् काय सापडलं न्हाई तर न्हाई सापडलं म्हणा, पर बाईला हात लावू नगा. भांडगावला जा आन् माझ्या सुनंचे हात बघून या आदी."